व्हेरामावशीचा शेवटचा दगड

भाचा कोरीने हॉस्पिटलच्या खाटेवर व्हेरामावशीला खस्सकन उठवून बसवलं. टीव्हीवर कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, अंतिम लढत लागली होती, आणि आडवं पडून कर्लिंग बघणं म्हणजे कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या गावात देवळात पाय पसरून बसण्यासारखं. मावशीचे डोळे फिरले. बोटाला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं.

"झोपव त्यांना! आधी झोपव!" नर्स धावत आली.

व्हेरा ह्नाट्युक शाळेची बस चालवायची आणि गावच्या कर्लिंग संघाची कप्तानी करायची. जुलाबाचं निमित्त झालं आणि पायातलं बळ गेलं. शरीराची राखण करणारी फौजच नसांवर उलटली होती. पाय गेले ते सगळ्यांना दिसलं. हृदयाला हुकूम देणाऱ्या नसाही फितूर झाल्यात, ते आत्ता कळलं. बसवताच रक्तदाब कोसळला, नाडी बुडाली. तिला अतिदक्षता विभागात हलवलं आणि काही दिवस हृदयात सोडलेल्या एका विजेच्या तारेने त्याला ठोके पुरवले.

"माझ्यामुळे झालं," कोरी पुटपुटला.

"तुझ्यामुळे कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुन्हा हात लावलास तर बघ."

हृदय सावरलं. पाय मात्र रेंगाळले. समोरच्या संघाचा कप्तान बर्ट क्लबात सांगत सुटला, "व्हेराचा खेळ संपला." कुणीतरी ते मावशीच्या कानावर घातलं, तशी तिने त्या दिवशी व्यायाम दुप्पट केला.

पुढच्या हिवाळ्यात बर्टच्या संघाशी बरोबरीत आलेल्या सामन्यात शेवटचा दगड तिचा होता. ती खुर्चीच्या कडेला आली, थांबली, दम खाल्ला, मग हळूच उभी राहिली. हृदयाने शिकवलेली ही रीत तिने कधी मोडली नाही.

"व्हेरा, बर्फ वितळेल!" बर्ट ओरडला.

"वितळू दे, पोहत येईन!"

वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच लांब काठीने तिने दगड ढकलला. दगड लांब सरकावा म्हणून त्याच्या पुढचा बर्फ घासायला कोरी झाडू घेऊन धावला.

"घास! घास रे मेल्या! मला उठवताना बरा जोर होता!"

दगड बर्टच्या दगडापेक्षा वर्तुळाच्या मध्याला बोटभर जवळ जाऊन थांबला, आणि सामना मावशीचा झाला. अख्खा क्लब उभा राहिला. मावशीही उभीच होती. बसायला तयार नव्हती.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पहिला पेला पाजायचा, हा तिथला रिवाज. बर्ट हात पुढे करून आला.

"डॉक्टरीणबाईंनी दारू बंद केलीय," मावशी म्हणाली.

"तुझी बंद, माझी नाही!"

"पुढच्या शनिवारी बघू."

असे किती शनिवार गेले. बर्ट अजून विचारतो, आणि मावशी ऐटीत म्हणते, "एवढी घाई कसली? मी कुठे चाललेय?"