दिव्याहून चिपच्या कारखान्यात

मी बॅग ओट्यावर आणून ठेवली तेव्हा काका समोरच बसलेले. "कनाला जातंस गो? आपल्या चाळी हायत, भाडं येतंय," म्हणाले. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनलगतच्या आमच्या शेतांवर केव्हाच इमारती उभ्या राहिलेल्या. त्या घरातल्या पोरीने गुजरातला कारखान्यात कामाला जायचं, हे त्यांना कमीपणाचं वाटत होतं. आईने बॅग उचलून रिक्षात ठेवली. "गाडी चुकंल," एवढंच बोलली. कल्याणला गाडीत बसल्यावर मी रडले, पण उतरले नाही.

सायली, तू काकांची मुलगी, म्हणून हे आधी तुझ्यासाठी लिहितेय. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बाकीच्या पोरींसाठीही.

आमच्या कारखान्यात बाहेरून नखाएवढ्या चिपा येतात. त्यांना केसाहून बारीक तारा जोडायच्या, वरून कवच चढवायचं, तपासायचं. धुळीचा कणही चालत नाही, म्हणून अंगभर पांढरा सूट, पावडर-लिपस्टिक बंद. डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले, पण इथे पहिल्यापासून शिकावं लागलं. सुरुवातीला तारा सुटायच्या, माल बाद व्हायचा. जेवताना मोबाइलवर लोकांच्या कमेंट वाचायचो, इंडियाला हे झेपणार नाही म्हणून. डोकं फिरायचं.

शिकवायला आलेले परदेशी इंजिनिअर एकदा म्हणाले, ही ऑर्डर तिकडे आमच्या देशातल्या प्लांटला पाठवून देऊ. आमच्या शिफ्टमधल्या सगळ्या मुली त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अजून एकदा करू द्या, म्हटलं. मग त्यांच्यासोबत बसून मशीनची सेटिंग पुन्हा केली, बिघडली, पुन्हा केली. तो माल पास झाला. त्या दिवशी ते आमच्याच टेबलावर जेवायला बसले.

होळीला मी घरी आलेले तेव्हा काका म्हणाले, "म्हंजे दुसऱ्यानं बनवलेली चिप तुमी डब्यात भरता."

"हो काका, आज तेवढंच. पुढचंही शिकणार आहोत. पण एवढं तरी इथे कोण करत होतं?"

तू दारात उभी राहून ऐकत होतीस. नंतर हळूच विचारलंस, "ताई, मला घेतील?"

घेतलं तुला. आता काका नको म्हणतायत.

मला सगळे विचारतात, घरी परत कधी येणार. मी दिव्याला येते, आईच्या हातचं जेवते, चार दिवस झोपा काढते. पण इकडे खोलीचं कुलूप उघडते तेव्हाही घरीच आल्यासारखं वाटतं. जिथून निघायला कुणाला विचारावं लागत नाही आणि जिथे यायला कारण लागत नाही, ते माझं घर. तशी दोन आहेत माझी.

काकांना काल मी स्वतः फोन केला. सायली माझ्याकडे राहील, सांगितलं. "बगू," म्हणाले. त्यांच्या बगूवर थांबू नकोस. अर्धं कपाट रिकामं केलंय. तिकीट काढ.