एका मांडवात चार ऑपरेशनं

आबांनी आजवर मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. फोन वहिनींनी लावायचा आणि मागून आबांनी मोठ्याने दुरुस्त्या सांगायच्या, अशी त्या घरची पद्धत. त्यामुळे त्या दुपारी दुकानात मोबाईलवर एकट्या आबांचा आवाज ऐकला, तेव्हाच मी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. "शैला, पिशवी घेतलीया म्या," ते म्हणाले, "जीपबी दारात हाय. पन ती उठतच न्हाई…"

आबा म्हणजे माझे थोरले दीर आणि 'ती' म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, इंदूवहिनी. वेल्ह्यापुढे पासलीच्या वाटेवर त्यांचं घर आहे. मी आणि माझा नवरा सुरेश भोरला औषधांचं दुकान चालवतो. पिशवी म्हणजे दवाखान्याची पिशवी. ती त्यांच्या दाराशेजारच्या खुंटीवर कायम भरलेली असायची. ताट, तांब्या, टॉवेल, टॉर्च, कंगवा, विम्याचे कागद, आणि तळाशी घोंगडीची घडी, कारण दवाखान्यात "लई गार सोडत्यात". त्या दिवशी वहिनी जेवल्या, भांडी घासली, जरा भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, काही कळलंही नसेल. अख्ख्या घराला विम्याच्या जोरावर ऑपरेशनच्या टेबलावर झोपवणाऱ्या या बाईने स्वतः जाताना कंपनीचा एक रुपया खर्च होऊ दिला नाही. हे त्यांना अजिबात पटलं नसतं.

आता महिना-दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याला देवमाणूस करायची रीत आहे, पण वहिनी देवमाणूस नव्हत्या. हट्टी होत्या, दुसऱ्याच्या दुखण्यात नको इतका रस घ्यायच्या, आणि मला चहा नको म्हटल्यावरही करून पाजायच्या. पण आमच्या घरात आज जी माणसं धडपणे चालताहेत, ती त्यांच्यामुळे चालताहेत.

विम्याची कल्पना खरं तर माझी. दुकानात उभं राहून मी रोज बघते, बिल ऐकून माणसाचा चेहरा कसा होतो ते. आम्हा चौघांची मिळून एक मोठी पॉलिसी घ्यायचं ठरलं. तिचा हप्ता परवडायचा, कारण अट होती: वर्षभरात घरातल्या सगळ्यांचा मिळून जो दवाखाना होईल, त्यातले पहिले तीन लाख आपले, पुढचे कंपनीचे. आता ते पहिले तीन लाख कुठून आणायचे, म्हणून त्याच्याखाली दुसरी एक लहान पॉलिसी जोडली, ती तेवढ्या खालच्या भागापुरती. एजंट भोरचाच होता. वहिनींनी त्याला दसऱ्याच्या दिवशी घरी बोलावलं, कारण मुहूर्ताशिवाय त्या चप्पलसुद्धा विकत घेत नसत. एजंटाने आबांना विचारलं, आधीचा काही आजार? आबा म्हणाले, "मला कायबी न्हाई." वहिनी आतून पीठ मळत्या हाताने बाहेर आल्या. "जांघेत एवढा गोळा हाय. दाखवता का दाखवू?" एजंटाने घाईघाईने लिहून घेतलं, हर्निया. त्यामुळे पुढे तीन वर्षं त्या दुखण्याला विमा लागू होणार नव्हता, पण लपवलं असतं तर कधीच झाला नसता. आबा मात्र वहिनींशी दोन दिवस बोलले नाहीत. बाहेरच्या माणसासमोर गोळ्याचं नाव काढलं म्हणून.

दोन-दोन पॉलिसी कशाला, असं आळीतल्या बायका विचारायच्या. मी समजवायला लागले की त्यांना झोप यायची. वहिनींनी एका लावणीच्या दिवसात, बांधावर भाकरी खाता खाता, सगळ्यांना दोन वाक्यांत गप्प केलं. "आगं, घोंगडीवर कागद घेता का न्हाई तुमी? नुसती घोंगडी आसली तर पानी मुरतंय, नुसता कागद आसला तर गारठा लागतोय." लहान पॉलिसी घोंगडी आणि मोठी पॉलिसी वरचा प्लास्टिकचा कागद. त्यानंतर एजंटाला वेल्हे तालुक्यात फार बोलावं लागलं नाही. पासलीपर्यंत लोक त्याला "घोंगडीवालं आलं" म्हणायचे.

चार वर्षं आम्ही हप्ते भरले आणि कुणालाही काही झालं नाही. वहिनी थोड्या नाराजच होत्या. मग नसरापूरच्या अलीकडे सुरेशची मोटरसायकल खडीवरून घसरली. पाय दोन ठिकाणी मोडला, रॉड घातला, जखम चिघळली, पुन्हा टेबलावर. खालचे तीन लाख लहान पॉलिसीने जवळजवळ सगळे सोसले आणि मग मोठी सुरू झाली. मी दवाखान्याच्या बाकावर डोकं धरून बसले होते. वहिनी पिशवीसह येऊन शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "म्हंजी आता वरीस संपंस्तवर आपल्या घरातलं कुनीबी आजारी पडलं तर समदं कंपनीच भरनार?" मी म्हटलं, हो, जवळजवळ. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्या जागी शोभणारा नव्हता. "मग मांडव पडलेला हाय तवर उरकून घ्यू की समद्यांचं."

आमच्याकडे एका लग्नाचा मांडव पडला की चुलत्याच्या पोरीचंही त्यातच लावून टाकतात. आचारी आलेला असतो, पाहुणे जमलेले असतात, वेगळा घाट कशाला? वहिनींनी हाच हिशेब दवाखान्याला लावला. माझ्या पित्ताशयात खडे होते. दुकानातल्याच गोळ्या खाऊन मी ते पाच वर्षं झुलवत ठेवले होते. वहिनींनी गोळ्यांचा डबा उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि ज्येष्ठात माझं ऑपरेशन झालं. पाठोपाठ त्यांचा स्वतःचा मोतीबिंदू. पट्टी सोडल्यावर त्यांनी आबांकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुमी."

इथे मांडव अडला. आबांचा गोळा वीस वर्षांचा. ते त्यावर पट्टा आवळून पोती उचलायचे. पण आदल्या वर्षी एकदा तो आत जाईना. दगडासारखा घट्ट झाला, आबा पाय भिंतीवर टाकून तळमळत पडले आणि मग आपोआप तो सरकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या वेळी सरकला नाही तर वेल्ह्याहून खाली पोचेपर्यंत वेळ मिळणार नाही. आबांचे वडील असेच गेले होते, वाटेतच, जीपमध्ये. हे सगळं आबांना ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यांना सुरीचं नाव नको होतं. ते नाही म्हणत नसत. ते फक्त पुढे ढकलत. आधी लावणी होती. मग अधिक महिना लागला, त्यात शुभकार्य करत नाहीत, असं म्हणून हे साठीचे जावई सासुरवाडीला जाऊन धोंडे खाऊन, वाण घेऊन आले. मग गणपती. वहिनी म्हणाल्या, असू दे, दसऱ्याला पॉलिसी घेतली, दसऱ्यापर्यंत आहे. नवरात्र बसलं की नेते.

गणपती उठले आणि माझ्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला, हप्ता भरायची आठवण करणारा. तारीख वाचून मी पासलीच्या वाटेला लागले. दरवर्षी हप्ता सुरेश परस्पर भरायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"वहिनी, वर्ष दसऱ्याला संपत नाही. पितृपक्षातच संपतंय."

"आसं कसं? दसऱ्याला घेतली तर दसऱ्यालाच संपनार."

"कंपनी तिथी बघत नाही, तारीख बघते. यंदा अधिक महिन्यामुळे दसरा लांब गेलाय."

"आनि तेंच्यात अधिक म्हैना न्हाई?"

"नाही."

"मग तेंचं जावई काय खात्यात?" एवढं म्हणून त्या हसल्या आणि मग बोटांवर दिवस मोजायला लागल्या. तारीख उलटली की पहिले तीन लाख पुन्हा मोजायला सुरुवात होणार होती आणि लहान पॉलिसी पुढच्या वर्षापासून कंपनीने जास्त कडक अटींवर द्यायची ठरवली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आबांना आणखी एक वर्ष मिळालं असतं. गोळ्याने एक वर्ष वाट पाहिली असती का, हे कुणी सांगावं?

ओसरीवरून आबांनी ऐकलंच होतं. "पितरांच्या पंधरवड्यात अंगाला सुरी लावून घ्यू? म्हाळ कोन घालनार आमच्या बापाचा?" मी चिडले. वहिनी चिडल्या नाहीत, हेच मला विचित्र वाटलं. त्या म्हणाल्या, "खरं हाय. म्हाळाला मामंजी जेवाय येत्यात. तेंनाच इचारू. कावळ्यानं झटक्यात घास घेतला तर मामंजींचा होकार. न्हाई घेतला तर म्या परत गोळ्याचं नाव काढनार न्हाई." आबांचा चेहरा खुलला, कारण आदल्या वर्षी कावळ्याने दुपार टळेपर्यंत सगळ्यांना उपाशी ठेवलं होतं.

म्हाळाच्या दिवशी मी खीर ढवळायला होतेच. आबांनी पान पत्र्यावर ठेवलं, हात जोडले आणि "काव काव" म्हणायला तोंड उघडलं. त्यांच्या तोंडातून आवाज निघायच्या आत सात-आठ कावळे पानावर तुटून पडले. एकाने तर आबांच्या टोपीला पंख मारला. आबा बराच वेळ वर बघत राहिले. मग जेवले, पानावरून उठले, खुंटीवरची पिशवी स्वतः काढली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

वाटेत मागच्या सीटवर वहिनींनी मला कोपराने ढोसलं आणि कानात सांगितलं. तू मेसेज घेऊन आलीस त्या दिवसापासून मी रोज त्याच वेळेला त्याच पत्र्यावर भजी टाकत होते. आबा शेतावर गेले की. कावळ्यांना वेळ पाठ झाली होती. मी हसू दाबायला खिडकीबाहेर बघितलं. पुढे आबा ताठ बसलेले, वडिलांनी हुकूम दिलेल्या माणसासारखे. कॅशलेसच्या खिडकीवरच्या मुलीने नातं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "पहिल्या मांडवातलंच, चौथं." दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, आतडं अडकायच्या बेतात होतं, वेळेवर आणलंत. वहिनींनी तेव्हा कुणाला काही ऐकवलं नाही. पिशवीतून घोंगडी काढली आणि आबांच्या पायांवर घातली.

त्यानंतर वहिनी सगळ्या वेल्ह्यात सांगत फिरल्या की आमच्या मामंजींनी स्वतः येऊन हर्निया काढायला लावला. भजी कुणालाही कळली नाहीत.

दहाव्याला आम्ही नदीवर होतो. आबांनी पिंड ठेवला, मागे सरकले आणि चार पावलंही झाली नसतील तोवर कावळा शिवला. बायका डोळे पुसत म्हणाल्या, काही इच्छा राहिली नव्हती हो तिची. मला हे काही खरं वाटेना, कारण वहिनींच्या इच्छा कधी संपल्याचं मी पाहिलं नव्हतं. सुरेशच्या पायातला रॉड अजून काढायचा होता. घरी परतताना मी आबांच्या शेजारून चालत होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "चार दीस झालं, नदीवर येऊन भजी टाकतोय म्या. हाटेलातली. मला तळता येत न्हाईत."

मी जागीच थांबले. "म्हणजे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"आगं, रोज सांच्याला घरात तेलाचा वास, आनि ताटात भजी न्हाई. मला काय नाक न्हाई व्हय?"

"मग गेलात कशाला? नाही म्हणायचं."

"एवढ्या भज्यांचा घाना काढला तिनं माझ्यापायी…" आबा म्हणाले आणि टोपी सारखी केली.

तेराव्यानंतर मी घर आवरायला थांबले. भांडी लावली, लुगडी वाटून टाकली आणि शेवटी खुंटीवरची पिशवी रिकामी करायला घेतली. कंगव्यात वहिनींचे चार पांढरे केस होते. घोंगडी झटकून उन्हात टाकावी म्हणून घडी उलगडली, तर आत त्यांनी तिच्यावर प्लास्टिकचा कागदही घडी घालून ठेवलेला. दवाखान्यात कागद कशाला लागणार होता, कोण जाणे. आबा ओसरीवरून बघत होते. उठून आत आले, माझ्या हातातून घोंगडी घेतली, कागद पुन्हा तिच्यावर ठेवून घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी बसवली.

"ऱ्हाऊ दे भरलेली," ते म्हणाले. "सुऱ्याचा रॉड ह्याच वर्षी काढू. आनि तुझा गुडगा मगाधरनं कुरकुरतोय, म्या ऐकतोय. तारखेच्या आत दाखवून घे."

मी म्हटलं, माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही.

"बरं," आबा म्हणाले. पिशवी खुंटीला अडकवून ते पायरीवर गेले आणि मान वर करून पत्र्याकडे बघत उभे राहिले.