वीतभर उंच

अर्जाखाली सही करताना मी नावापुढे न चुकता बी. ए. लिहायचो. कुणी हसलं तर हसू दे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि देवळ्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा, म्हणजे नव्वदनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, पदवीवाला मी एकटाच होतो. लोक मला नावाने हाक मारायचेच नाहीत. म्हातारेसुद्धा "काय ग्रॅज्वेट!" म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा असायची, थोडा मान. मला दोन्ही चालायचं.

गाव रस्त्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या. कांद्याच्या हंगामात लिलाव गाठायला निघालेले टेम्पो नेमके शाळेच्या वेळेला सुसाट जायचे. रस्त्याला लागूनच एक पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याची मुलगी दुसरीत होती. एका सकाळी शाळेला जाताना ती टेम्पोखाली गेली. गिरणीवाला दळण टाकून धावला. त्याने तिला उचललं तेव्हा तिच्या निळ्या स्कर्टवर त्याच्या पिठाच्या हातांचे पांढरे ठसे उमटले होते. मी ते पाहिले. त्याहून जास्त मला लिहायचं नाही.

गतिरोधकासाठी मी बांधकाम खात्याला तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं, की या रस्त्यावर गतिरोधक देता येत नाही, सूचनाफलक लावण्यात येईल. फलक आला. "पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका." मग रस्ता सुरक्षा सप्ताहात दोन अधिकारी जीपमधून आले, पोरांच्या खिशाला कागदी बिल्ले लावले, घोषवाक्यांची स्पर्धा घेतली. मी भाषण केलं, कायद्याचं महत्त्व सांगितलं, टाळ्या घेतल्या. शेवटच्या ओळीत बसलेला गिरणीवाला नंतर मला म्हणाला, "ग्रॅज्वेट, झ्याक बोलला. पण टेम्पोवाला कुठं आला होता ऐकायला?"

सप्ताह संपला आणि त्याच महिन्यात एका पोराचं दप्तर ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेलं. पोरगं वाचलं ते दप्तर पाठीवर नव्हतं, हातात होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी गावाने रस्ता अडवला. ट्रॉलीभर मुरूम आला, दगड आले, रस्त्याच्या कामातून उरलेल्या डांबराचं एक पिंप कुणीतरी लोटत आणलं. रस्ता दुरुस्त करणाऱ्या टोळीतला एक म्हातारा मजूरही आपलं घमेलं-फावडं घेऊन उभा होता. तो आमच्याच गावचा. अंगठेबहाद्दर, सारी हयात डांबरात गेलेली.

सरपंचांनी विचारलं, "किती उंच करायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सांगा ना ग्रॅज्वेट. तुम्ही शिकलेले."

माझा विषय राज्यशास्त्र. घटनेची कलमं पाठ होती. रस्त्याचं मला काडीचं ठाऊक नव्हतं. पण एवढ्या माणसांत 'मला माहीत नाही' असं म्हणायला जीभच रेटेना.

गिरणीवाला म्हणाला, "गाडी दचकली पाहिजे बघा."

मी हाताची वीत ताणून धरली. "एवढा. याच्यापेक्षा कमी नको."

माझी वीत हातोहात मोजली गेली. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर आडवा, उभट, काळा उंचवटा तयार झाला. पहिला टेम्पो त्यावर आदळून उडाला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. "बी. ए. पास झाला!" एकजण ओरडला, आणि मीही हसलो.

खरं सांगायचं तर त्याने काम केलं. फलकाने जे केलं नाही, भाषणाने जे केलं नाही, ते त्याने केलं. दोन वर्षं शाळेसमोर एकाही पोराला खरचटलं नाही. टेम्पोवाले शिव्या द्यायचे, पण थांबून द्यायचे.

मग लग्नसराईतल्या एका संध्याकाळी सटाण्याकडचं एक जोडपं मोटारसायकलवरून लग्न आटोपून परतत होतं. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर आहेरात आलेला पितळी डबा. उंचवट्यावर पट्टे नव्हते, अलीकडे खूण नव्हती. काळ्या रस्त्यावर काळा ढीग. गाडी उडाली, तो कसाबसा सावरला, ती मागच्या मागे डोक्यावर पडली. डबा घरंगळत गिरणीच्या दारापर्यंत गेला.

जीपमधून आम्ही तिला नेलं. देवळ्याच्या डॉक्टरांनी पुढे नाशिकला न्यायला सांगितलं. तिचं डोकं नवऱ्याच्या मांडीवर, पाय माझ्या. उंचवटा दिसलाच नाही, हेच तो त्याच्या बोलीत पुन्हापुन्हा म्हणत होता, "माले दखायनंच नही, भाऊ. माले दखायनंच नही." घाट चढताना त्याने एकदम माझ्याकडे पाहून विचारलं, "हाई कोनी बनाडं?"

मी म्हणालो, "गावाने."

घाट उतरायच्या आत माझ्या मांडीवरचे पाय जड झाले.

ज्याने तीन अर्जांवर बी. ए. लिहिलं, त्याने आपल्या हाताच्या मापावर सही केली नाही.

तेराव्यानंतर ग्रामसभा बसली. अर्धे म्हणाले, उखडून टाका. गिरणीवाला उठून उभा राहिला. "उखडायचा असंल तर आधी मला तिथं आडवा करा." तेव्हा कोपऱ्यातला तो टोळीतला म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "उखडायचा कशाला? चार बोटं उंच ठेवायचा आन् बारा फूट पसरवायचा. वर पांढरे पट्टे, आन् अलीकडं पाटी. गाडी हळू बी होती, माणूस बी पडत नाय."

सरपंच खवळले. "मग त्या दिवशी का नाही बोलला रे?"

"तुम्ही मला कुठं इचारलं? ग्रॅज्वेट सांगत होते. त्यांच्या मधी मी काय बोलायचं?"

हे तो मला टोमणा म्हणून बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. ते जास्त लागलं.

त्याच्या मापाने आम्ही गतिरोधक नव्याने बांधला. पुढची सगळी वर्षं, गाव सोडेपर्यंत, पट्ट्यांना चुना मी मारला. गिरणीवाला बादली धरायचा.

पुढे नोकरीने नाशिकला आलो, इंदिरानगरात राहायला लागलो. हेल्मेटची मोहीम निघाली की ऑफिसात वाद ठरलेला. कुणी म्हणतं, कायद्याने माणसं वाचतात. कुणी म्हणतं, नुसते पैसे खायचे धंदे. दोघंही मला विचारतात, कारण मी हेल्मेट घालून येतो. मी सांगतो, वाचतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि मरतात तेही पाहिलंय. मग ते म्हणतात, साहेब मोघम बोलतात.

नाशिकला येऊन पाचेक वर्षं झाल्यावर एका रविवारी एसटीने मी सटाण्याकडच्या त्या मोटारसायकलवाल्याच्या गावी गेलो. तो कांदे साठवायच्या चाळीत सडके कांदे निवडत बसला होता. मला ओळखलं. बसायला गोणपाट दिलं. मी सगळं सांगितलं: वीत माझी होती, रस्त्यातलं मला काही कळत नव्हतं, आणि जीपमध्ये मी खोटं बोललो.

तो कांदे निवडत राहिला. मग म्हणाला, "आते कितलं उंच शे?"

"चार बोटं."

त्याने हातातला कांदा खाली ठेवला. चार बोटं जुळवून जमिनीवर आडवी टेकवली आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. बोटांना कांद्याची काळी भुकटी लागलेली होती.

"तवय का बरं नही सांगं?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"मंग तसं सांगाले काय व्हतं?"

आतून त्याच्या मुलीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कॉलेजला जायच्या वयाची होती. त्याने तो माझ्याकडे सरकवला.

"पानी पे," तो म्हणाला, "आन् निंघ."