बारा की एकवीस

इता गावातली सेफेरीना मातीच्या कोंबड्या करायची. चिखलाचा गोळा उचलला की त्यात केवढी कोंबडी होईल ते तिच्या हाताला कळायचं. पण कागदावर बारा लिहिलेत की एकवीस, हे सत्तेचाळिसाव्या वर्षीही तिला धड सांगता येत नसे. कुणी वेळ विचारली, तर चष्मा घरी राहिला म्हणायची. चष्मा तिला नव्हताच.

मार्चमध्ये तिची आई ओब्दुलिया हॉस्पिटलमधून घरी आली ती इन्सुलिन घेऊनच. रोज सकाळी खाण्याआधी बारा युनिट. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा सुई सेफेरीनाकडे. ती सिरिंज खिडकीशी धरून बारीक रेघा मोजायची, मध्येच चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. चिठ्ठीवरून नजर वळेपर्यंत आकडा निसटलेला असायचा.

"अगं, टोचणार आहेस की त्या सुईशी लग्न लावणार आहेस?" आई ओरडायची.

"थांब ना, बुडबुडा आहे आत."

नवव्या दिवशी अंगणात बसलेल्या आईला दरदरून घाम फुटला. हात इतके थरथरले की तेरेरेचा, त्या गार पानांच्या चहाचा, पेला निसटला. सेफेरीनाने पाण्यात काकवी ढवळून चमचा-चमचा पाजली आणि शेजाऱ्याला मोटरसायकलवरून नर्स मिर्ताला आणायला पिटाळलं.

मिर्ताने बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. आई सावरल्यावर विचारलं, "सकाळी किती दिलंत, ताई?"

"बारा."

"भरून दाखवा बरं."

सेफेरीनाने भरली. मिर्ता बघतच राहिली. "अहो, हे एकवीस आहेत."

सेफेरीनाने सिरिंज खाली ठेवली. "मी आईला मारलंच असतं गं! मला आकडे कळत नाहीत. लहानपणापासून. कुणाला सांगितलं नाही."

"माझ्या भाचीचं अगदी असंच आहे," मिर्ता म्हणाली. "डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. मेंदूची घडणच तशी असते. त्यात आळस नाही की बुद्धीची उणीव नाही. तपासून घेऊ या."

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पाढे येत नाहीत म्हणून मी तिला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवायचे."



मिर्ताने एका सिरिंजवर बाराच्या रेघेशी लाल चिकटपट्टी लावून नमुना करून दिला. सेफेरीना रोज त्या नमुन्याशेजारी दुसरी धरून भरायची, मोबाइलवर फोटो पाठवायची आणि मिर्ताचं उत्तर आल्याशिवाय टोचायची नाही. उत्तराला उशीर झाला की दोन्ही सिरिंज पुन्हा शेजारी धरून बघायची. जुलैत राजधानी असुन्सिओनच्या तज्ज्ञ बाईंनी तपासून मिर्ताचंच म्हणणं खरं ठरवलं. भीती मात्र गेली नाही.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं आणि नवा आकडा खरडून चिठ्ठी पुढे सरकवली. रांगेतल्या बायका ऐकत होत्या. तरी सेफेरीना चिठ्ठी घेऊन उठली नाही.

"डॉक्टर, मला आकडे वाचता येत नाहीत. नुसतं लिहून देऊ नका, भरून दाखवा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून सिरिंज काढली.