नसरीनताईंची नाव

पोहता येतं का, हा प्रश्न मला गुरुग्रामच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी विचारला गेला. विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या आणि डब्यातला शेवटचा घास घाईघाईने संपवत होत्या. माझ्या फोनवर एक ऑनलाइन खेळ उघडा दिसला, तेवढं निमित्त त्यांना पुरलं.

"येत नसेल तर दीड वाजता काठावर ये. सोडते तुला पलीकडे," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप घेऊन पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात निघूनही गेल्या.

या नसरीन मुलाणी. मूळच्या पुण्याच्या, ऑफिसात सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायच्या. आमच्या त्या खेळात देशभरातले लोक एकाच वेळी खेळत. प्रत्येकाचं एक पात्र. तलवार घ्यायची, राक्षस मारायचे, वरची पातळी गाठायची. पण सुरुवातीच्या गावापुढेच मगरींनी भरलेली नदी होती. पलीकडे जायला कुणीतरी खेळाडूनेच नाव वल्हवायला हवी. बाकीचे नदी ओलांडत आणि लढायला जात. नसरीनताई चार वर्षं नदीवरच होत्या. काठावर त्यांनी पाटी लावली होती : 'नाव दुपारी दीड ते सव्वादोन. रविवारी दिवसभर. मीटिंग असल्यास क्षमस्व.'

"तुम्ही पुढे का नाही गेलात?" मी एकदा विचारलं.

"अगं, पहिल्या दिवशी एकाला सोडलं, तर काठावर दुसरा उभा. त्याला काय सांगू, घरी जा?"

मग खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की नदीवर पूल बांधायचा विचार आहे, खेळाडूंनी मत द्यावं. झालं! दिल्लीतल्या खेळाडूंच्या ग्रुपचे दोन तुकडे पडले. नाववाले म्हणत, काठावर वाट बघण्यातच खरी मजा. तिथेच ओळखी होतात, एका जोडप्याचं तर लग्न जमलं. पूलवाले म्हणत, जेवणाच्या सुट्टीत पाऊण तास मिळतो, त्यातला अर्धा नावेची वाट बघण्यात जातो. भांडण इतकं पेटलं, की आमच्या मजल्यावरच्या दोघांनी एका कॅबने घरी जाणं सोडलं. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा बाजू बघून दिल्या जाऊ लागल्या.

शेवटी एका रविवारी एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सगळे समोरासमोर जमले. नाववाल्यांचे पुढारी विक्कीभाई. सरोजिनी नगरला त्यांचं कपड्यांचं दुकान. त्यांनी खास टी-शर्ट छापून आणले होते : नावेचं चित्र आणि खाली 'नाव बचाओ'. नसरीनताईंनी तो कुर्त्यावरच चढवला आणि समोसा हातात घेऊन उभ्या राहिल्या. नाववाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"पुल बनना चाहिए," नसरीनताई म्हणाल्या.

कुणाच्या तरी हातून चटणीची वाटी पडली. विक्कीभाईंचा आवाज चिरकला, "दीदी! ये टी-शर्ट पहनके?"

"टी-शर्ट बहुत अच्छी है, ये मैं रखूँगी." मग त्यांचा सूर उतरला. "मीटिंग में बैठती हूँ तो जी घबराता है, कोई किनारे पर खड़ा होगा. चार साल से आप सबको उस पार छोड़ रही हूँ, भैया. उस पार क्या है, मैंने आज तक नहीं देखा."

विक्कीभाई तडक निघून गेले आणि गाडीत बसण्याआधी ग्रुपमधूनही बाहेर पडले. नसरीनताईंना ते लागलं.

मतदानात पूल जिंकला. तो खुला झाला त्या दुपारी आम्ही दोघी पॅन्ट्रीत शेजारी शेजारी बसलो. नसरीनताई पुलावरून अक्षरशः धावत सुटल्या. "अगं, निळी घरं! अगं, भोपळ्याचे मळे! एवढे मोठे भोपळे, आणि तुम्ही कुणी मला सांगितलं नाही?" तेवढ्यात मळ्यातून रानडुक्कर आलं. चार वर्षांत बाईंनी शस्त्र म्हणून कधी हाती धरलं नव्हतं. त्यांनी डुकरावर वल्हंच उगारलं.

"मेले! अनघा, मेले गं मी!"

सगळा मजला धावत आला. सिक्युरिटीवाला पाण्याची बाटली घेऊन, एचआरची मुलगी प्रथमोपचाराची पेटी घेऊन. नसरीनताईंना हसू आवरेना आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी, त्यामुळे लोक आणखीच घाबरले.

त्यांचं पात्र पुन्हा जिवंत झालं, पुन्हा डुक्कर आलं, पुन्हा त्या मेल्या. तिसऱ्या वेळी कुणीतरी मधे पडलं आणि तलवारीच्या एका घावात डुक्कर आडवं झालं. विक्कीभाई!

'पुल से आए?' ताईंनी लिहिलं.

'हरगिज़ नहीं. अपनी नाव से. अब मैं चलाता हूँ.'

नसरीनताईंचा चेहरा क्षणात काळजीने भरला. 'तो अभी उस किनारे कोई खड़ा होगा ना? जल्दी जाइए!'

विक्कीभाईंचं उत्तर आलं.

'खड़ा रहने दो, दीदी. पुल है ना.'

ताई टेबलावर डोकं टेकून इतक्या हसल्या, की सिक्युरिटीवाला बाटली घेऊन पुन्हा पळत आला.