पातळाखालचा स्विंग

सुरतेतल्या त्या घराची गच्ची मला अजूनही स्वप्नात दिसते, आणि स्वप्नात तिला कठडा नसतो. खरी गच्ची चांगली कठड्याची होती. सकाळी तापीवरून वारा यायचा. गल्लीतले माग कधी थांबतच नसत, त्यामुळे त्यांचा खडखडाट त्या वाऱ्याचाच वाटायचा. त्या कोवळ्या उजेडात मी, बँकेतला एक साधा अधिकारी, हातात गोल्फची काठी घेऊन उभा असायचो. साठचं दशक सरत आलं होतं.

गोल्फ आमच्या घराण्यात कुणी ऐकलंही नव्हतं. आमच्या पारशी मॅनेजरसाहेबांनी समुद्रकाठच्या डुमसच्या वाटेवरच्या खाऱ्या, पडीक जमिनीत हौसेनं खड्डे खणून घेतले होते, आणि दुसरं कुणी तयार नसे म्हणून रविवारी मला न्यायचे. माझा चेंडू कधी समुद्राकडे जायचा, कधी बाभळीत. विटीदांडूवर वाढलेला माणूस मी. काठी सरळ वर उचलायची आणि हाणायची, एवढंच माझ्या हातांना ठाऊक. साहेब त्यांच्या गुजरातीत समजवायचे, की चेंडूपासून खांद्यांपर्यंत चढत गेलेली एक तिरपी काच आहे असं समज, आणि काठी तिच्या खालून फिरव, दर वेळी त्याच वाटेनं. एकदा ती वाट सापडली की स्विंग, म्हणजे काठीचा तो फेरा, जन्माचा आपला. ती काच मला काही केल्या दिसेना.

गच्चीवर मी काही निव्वळ गोल्फसाठी जात नव्हतो. त्या वर्षी आमचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. इस्पितळातून आल्यापासून बायको रडली नाही आणि बोलणंही टाकलं तिनं. चहा समोर यायचा, डबा भरलेला असायचा, पण शब्द नाही. खोलीतली ती शांतता मला सोसायची नाही. मला माझी बायको परत हवी होती, पहिल्यासारखी भांडणारी, माझ्या नाकावरून चिडवणारी. पण ते मागायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

एका सकाळी ती धुणं वाळत घालायला वर आली. दुहेरी घडीचं ओलं पातळ तिनं दोरीवर टाकलं, काठाला चिमटे लावले आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, पातळाचा खालचा काठ धरून ती पुढे आली आणि ताणून उभी राहिली. माझ्या उजव्या बाजूला, मागच्या दोरीपासून पुढे उतरत आलेलं, ओलं, फिकट निळं पातळ. साहेबांची काच! मी काठी फिरवली. ती वर उसळून कापडाला अडली.

"लागलं," ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी ऐकलेला तिचा शब्द.

मग तो नेमच झाला. खालच्या घरमालकीणबाई जिन्यातून डोकावून हे काय चाललंय म्हणून विचारायच्या, "भाई, आ शुं करो छो?" आणि उत्तराची वाट न पाहता देवाचं नाव घेत उतरायच्या. गल्लीत बहुधा माझं डोकं फिरल्याची बातमी होती. काठी फिरायची, पातळ थरथरायचं, थेंब माझ्या तोंडावर उडायचे, आणि ती म्हणायची, "लागलं." कधी, "अहो, लागलं ना!" खरं सांगतो, काही वेळा मी मुद्दाम लावायचो.

पण हात बेइमान निघाले, ते शिकले. कोपर अंगाजवळ राहू लागलं, खांदा आपणहून वळू लागला, आणि काठी कापडाखालून सुळकन जाऊन परत येऊ लागली. पातळ हलेना. साहेबांनी रविवारी माझी पाठ थोपटली. इकडे गच्चीवर मात्र पुन्हा सगळं मुकं झालं. लागतच नव्हतं, तर ती बोलणार काय? इतका सुरेख स्विंग आणि मी इतका उदास, असं कुणाचं झालं नसेल.

एके दिवशी ती कोरडंच पातळ घेऊन आली. हिरवं, बारीक जरीचं. तिच्या डोहाळजेवणाला माहेराहून आलेलं, त्या एका दुपारी फुलांच्या वाडीसकट नेसलेलं आणि मग ट्रंकेत गेलेलं. तिनं ते दोरीवर टाकलं, चिमटे लावले, काठ ताणला.

"हे नको," मी म्हटलं.

"तुमचं चालू द्या."

मी काठी उचलली. इतक्या दिवसांचं शिकलेलं हातांतून गळून गेलं. काठी सरळ वर गेली, दांडूसारखी, आणि तिचं लोखंडी तोंड हिरव्या कापडात शिरलं. फाटण्याचा आवाज मागांच्या खडखडाटातही स्वच्छ ऐकू आला.

ती "लागलं" म्हणाली नाही. फाटका काठ तोंडाशी धरून मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. घरमालकीणबाई धावत वर आल्या, आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता परत गेल्या. काठी टाकून मी तिच्या शेजारी बसलो. मीही रडलो. ऊन कठड्यावरून आत येईपर्यंत आम्ही तसेच होतो.

मग नाक पुसत ती म्हणाली, "मी तिचं नाव ठरवलं होतं. तुम्हाला बारशालाच सांगणार होते."

"आता सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं, आणि तिनं मला आणखी एकदा म्हणायला लावलं.