जगू मास्तरांच्या पेटीतलं बंद पाकीट

जगू मास्तरांची श्यामला लग्न होऊन सौदीतल्या यान्बूला आली, त्याला पाव शतक उलटून गेलं. नवरा कमलाकर नाशिकचा, इथल्या तेलाच्या कारखान्यात इंजिनियर. बाई वेंगुर्ल्याकडची, समुद्राकाठची, आली तीही समुद्राकाठीच. पण ह्या समुद्राला वास नाही, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली आणि ते मत तिनं आजवर बदललेलं नाही. इसवणाला इथं कनाद म्हणतात, ते मात्र तिनं मुकाट मान्य केलं. मासा तोच, कालवण तेच. कशाला काय म्हणायचं यावर भांडायचं काम बापानं जन्मभर केलं होतं, तेवढं एका घराला पुरे.

बाप म्हणजे मालवणी बोलीपायी येडावलेला माणूस. पोटासाठी शाळेत पुस्तकी मराठी शिकवायची आणि शाळा सुटली की गावोगाव हिंडून मालवणी शब्द गोळा करायचे. बोलीत लिहिणारी माणसं त्यानं जोडली, सभा भरवल्या. आणि पत्रं तर विचारू नका. कुडाळपासून मुंबईपर्यंत जो म्हणून लिहिता, त्याला मास्तरांचं पत्र गेलंच म्हणून समजा. अट एकच. उत्तर मालवणीत हवं, पाकिटावरचा पत्तासुद्धा मालवणीत. ‘जगू मास्तराक पावात’ असं वर असलं तर पाकीट फुटणार. ‘श्रीयुत’ दिसलं की न फोडता पत्र्याच्या पेटीत, मग ते सख्ख्या भावाचं का असेना. एकदा वीज मंडळाची नोटीसही तशीच पेटीत गेली. वीज तुटली, तर हा गडी कंदिलापाशी बसून शब्द लिहीत राहिला.

लग्नानंतर कमलाकरनं सासऱ्याला पाकिटावरच ‘तीर्थरूप’ घालून पत्र टाकलं होतं. उत्तर आलं ते श्यामलेला: “जांवयाक सांग, पयली भाषा शीक, मगे कागद काळो कर.” कमलाकर तेव्हा पोट धरून हसला होता.

परवाच्या शुक्रवारी श्यामला कनादच्या तुकड्यांना मीठ-हळद लावत होती. कमलाकरला सुट्टी, तो सोफ्यावर आडवा. तेवढ्यात कौमुदीचा व्हिडिओ कॉल आला. मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता गावाकडच्या एका कॉलेजनं त्यांचा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवायला घेतला आहे, आणि तो लावायचं काम ह्या पोरीकडे.

“काकी, एक इचारूचा होतां. पेटीत बंद पाकिटां गावली. तेतूर एक तुमच्याकडचां आसा. सौदीचो शिक्को, पाठीर काकांचा नाव.”

“खयच्या सालातलां?”

“नव्याण्णव. कोणी उघडूकच नाय. उघडू काय, काकी? तुमची परवानगी होयी.”

श्यामलेनं पुढच्या तुकड्याला हळद लावली.

त्या साली तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात झालं आणि संध्याकाळपर्यंत गेलं. आधी एक पडलं होतं, म्हणून ह्या खेपेला सातवा लागेपर्यंत गावी कळवायचंच नाही, असं ठरलं होतं. गावात कुणाला पत्ता नव्हता. तिला पेन धरवेना, म्हणून कळवायचं काम कमलाकरनं केलं. त्याला उत्तर नाही. पुढं बापाचं पत्र आलं ते नेहमीचंच. सभेला कोण कोण आलं, गुरांच्या गळ्यातल्या लोढण्याला कुठल्या गावात काय म्हणतात. पोराबद्दल एक अक्षर नाही.

श्यामलेनं ते वाचून घडी घातली. नंतरही ती लिहीत राहिली, मालवणीत, पत्ताही मालवणीत, पण पाऊसपाणी आणि खुशाली, बस. सुट्टीत गावी गेली तेव्हा तो बोलला नाही, ही बोलली नाही. गेलेल्या पोराचा विषय काढू नये ही आपल्याकडची रीत. त्या रीतीच्या आडोशाला दोघंही बसून राहिली. बाप गेला तेव्हा इकाम्याचं, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं, काम अडलंय, निघता येत नाही, असं तिनं कळवलं. काही अडलं नव्हतं.

“काकी, ऐकतास मां?”

“उघड,” श्यामला म्हणाली. “आणि मोठ्यान वाच.”

कमलाकर उठून ओट्यापाशी आला. कौमुदीनं कडेनं पाकीट कापलं आणि वाचायला लागली.

“तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. वाईट बातमी कळवत आहे. मुलगा झाला होता, राहिला नाही. श्यामलेची तब्येत ठीक आहे, पण ती बोलत नाही, जेवत नाही. तुमची जुनी पत्रं काढून वाचत बसते. तिला चार ओळी लिहाव्यात. मी लिहिल्या असत्या, पण तुमची भाषा मला येत नाही...”

तिथं पोरीनं कागद खाली ठेवला. ओढणीनं तिनं नाक पुसलं. “काकी, ह्यां आमी संग्रहात नको घालूया. तुमका परत धाडतंय. मास्तरांचा नाव मोठा, लोकां उगाच कायबाय बोलतली.”

काहीतरी येईल म्हणून श्यामला थांबली. रडू, राग, काहीही. दाढ काढताना गालात सुई देतात, मग बोट लावलं तर गाल आपलाच, पण कळत नाही, तसं झालं होतं. बापाला माहीतच नव्हतं. एवढं समजलं, आणि समजून पुढं काही झालं नाही.

“बाकीची बंद पाकिटां घालतास मां? मगे ह्यांय घाल,” ती म्हणाली. “आणि वर लिव, मास्तरान ह्यां उघडूक नाय. पुस्तकी होतां म्हणान.”

“असां लिवू?”

“असांच लिव, बाये. तेचो नेम होतो. तेणां लायटीवाल्यांक सोडूक नाय, पोटच्या चेडवाक कित्याक सोडीत?”

फोन ठेवल्यावर कमलाकरनं ओट्यावरचा नळ उगाच घट्ट पिळला.

“मला ठाऊक होता गं त्यांचा नेम. त्या दिवशी डोक्यातच आलं नाही. नुसता पत्ता तरी तुझ्याकडून लिहून घ्यायला हवा होता.”

“मी लिहिला नसता.”

“आणि मी इतकी वर्षं म्हणत आलो, म्हातारा दगड आहे.”

“होताच,” श्यामला म्हणाली. “तुकडे किती तळू?”

“मला नको.”

“मग दोनच तळते.”

बाकीचे तिनं डब्यात भरून फ्रीजरमध्ये ढकलले. फोन वाजला. कौमुदीचा मेसेज होता, परवानगी लेखी हवी. श्यामलेनं हात धुतले, पदराला पुसले. ‘माझी हरकत नाही’ एवढं पुस्तकी मराठीत लिहून पाठवलं आणि तवा तापत ठेवला.